सरपंचबाई लंडनच्या बागेत बसून राहिल्या

कवठमाळच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर एक लाकडी फळी आहे. आजवर झालेल्या सरपंचांची नावं तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. सगळ्यात खाली नाव आहे, सौ. अंजना सुदर्शन खिलारी. पण हे नाव वाचून कुणी परगावचा माणूस सरपंचांना भेटायचं म्हणाला, तर चावडीवर बसलेली मंडळी त्याला सांगायची, "सरपंच व्हय? ते आत्ताच मोटरसायकलवर बेल्ह्याला गेले."

म्हणजे सुदर्शन गेला. अंजनाबाई घरीच असायच्या. दोन जर्सी गायी, सहा एकर कांदा-मका, कॉलेजला जाणारी मुलगी संस्कृती आणि सरपंच झाल्यापासून रोज येणाऱ्या चहाच्या माणसांची उस्तवार, एवढं करून त्यांना सरपंचपद चालवायला वेळ मिळत नसे. ते काम सुदर्शन बघायचा. पंधरा वर्षं त्यानं सरपंच व्हायची तयारी केली होती. लग्नं, दहावे, बारशी, काही चुकवलं नव्हतं. आणि ऐन वेळी आरक्षणाची चिठ्ठी 'महिला' निघाली. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोकडं असा बघत राहिला, जसा माणूस घरात पडून असलेल्या एखाद्या जुन्या पाटाकडं बघतो आणि त्याला वाटतं, अरे, हा तर चालण्यासारखा आहे!

निवडून आल्यावर सरपंचांचा शिक्का मोटरसायकलच्या डिक्कीत गेला. तिथं पान्हा, पंक्चरचं सामान आणि शिक्का एकत्र राहू लागले. कागदावर जिथं पेन्सिलीची फुली असेल तिथं अंजनाबाईंनी सही करायची. सही त्या चांगली करत. दहावीला बेल्ह्याच्या शाळेत त्यांचं अक्षर वर्गात पहिलं होतं.

अडीच वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग गावाला बाग मंजूर झाली.

पाझर तलावाच्या कडेला चार एकर गायरान होतं. त्यावर गाजर गवत, घाणेरी आणि दोन-चार बाभळी यांच्याशिवाय काही नव्हतं. तिथं उद्यान करायचं अशी योजना आली. साधं उद्यान सुदर्शनला मान्य होईना. तो म्हणाला, "करायचं तर जागतिक दर्जाचं बोटॅनिकल गार्डन करायचं. जुन्नर तालुक्यात असं गार्डन पायजे, की लंडनच्या माणसानं बघून तोंडात बोट घातलं पायजे."

लंडनचा माणूस कवठमाळला कशाला येईल, हे कुणी विचारलं नाही. उलट महिनाभरात कवठमाळचा माणूस लंडनला जायची वेळ आली. पुण्याच्या एका हरितग्राम प्रतिष्ठानाचं पत्र आलं. जगातल्या नामांकित वनस्पती उद्यानांचा अभ्यास करण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बारा सरपंचांचा दौरा निघणार होता. आधी सिंगापूर, मग लंडन. खर्च प्रतिष्ठानाचा.

सुदर्शननं पासपोर्ट काढला. जुन्नरला जाऊन काळा कोट शिवून घेतला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर विमान होतं, विमानापुढं हात जोडलेला सुदर्शन होता, त्याच्या मागं लंडनचं मोठं घड्याळ होतं आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, अंजनाबाईंचा फोटो होता. मारुतीच्या देवळापुढं निरोपसमारंभ झाला. उपसरपंच कुशाबा भाषणात म्हणाले, "आपले सरपंच परदेशी चालल्यात, आता गावाचा कायापालट व्हनार." नारळ, शाल, फेटा, सगळं झालं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठानातून एका बाईंचा फोन आला. सुदर्शननं स्पीकर चालू केला, कारण असे फोन घरातल्यांनी ऐकावेत असं त्याला वाटे.

"तुम्ही पासपोर्टची प्रत पाठवलीत, पण हे नाव आमच्या यादीत नाही," बाई म्हणाल्या. "यादीत अंजना सुदर्शन खिलारी आहेत."

"तेच की. मी त्यांचा पती. सगळं मीच बघतो."

"बघत असाल. पण दौरा सरपंचांचा आहे."

"मॅडम, मी सरपंचपती."

"असं काही पद आमच्या फॉर्ममध्ये नाही हो," बाई सौम्यपणे म्हणाल्या. "व्हिसा सरपंचांनाच मिळेल. त्यांना जमणार नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसरं गाव घेऊ."

सुदर्शननं फोन ठेवला आणि खिडकीतून चौकाकडं बघितलं. तिथं तो विमानापुढं हात जोडून उभा होता. फ्लेक्स काढावा तर गाव हसणार, ठेवावा तर कुणीतरी जायला हवं. असं एकट्या कवठमाळला झालं नव्हतं. दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या गावांत बाई सरपंच होती, पण नवऱ्याला व्हिसा मिळत नाही म्हटल्यावर बऱ्याच सरपंचबाईंच्या तब्येती एकाएकी बिघडल्या. शेवटी बारांत तीनच बाया उरल्या. अंजनाबाई त्यातल्या एक. त्यांची तब्येत बिघडायच्या आत निरोपसमारंभ होऊन गेला होता, म्हणून त्या वाचल्या.

संस्कृतीनं आईचा पासपोर्ट तातडीनं काढून दिला. चौकशीला आलेल्या पोलिसानं अंजनाबाईंची सगळी माहिती सुदर्शनला विचारली आणि अर्जदार प्रत्यक्ष भेटल्याचं लिहून घेतलं. जाताना सुदर्शननं बायकोच्या बॅगेत तो कोट ठेवला. "थंडी असती तिकडं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि जिथं जाशील तिथं गेटचे फोटो काढ. बाग कशीबी असू दे, गेट बघून माणूस आत येतो."

सिंगापूरला उतरल्यावर दौऱ्यातल्या नऊ पुरुषांपैकी आठांनी पहिल्यांदा चौकशी केली ती मोबाइलच्या बाजाराची. बागा बघायचं काम तिन्ही बायांवर आणि बहिरूवर आलं. बहिरू आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका डोंगरी गावचा सरपंच. भातशेती करणारा माणूस, कमी बोलणारा. संयोजकांनी त्यांना एका प्रचंड काचेच्या घुमटात नेलं. आत माणसांनी बांधलेला डोंगर, त्यावरून पडणारा धबधबा, अंगभर शेवाळ आणि ठरलेल्या वेळी यंत्रातून सोडलं जाणारं धुकं. लोक धुक्यात उभे राहून फोटो काढत होते.

बहिरूनं वर बघितलं, खाली बघितलं. "ताई," तो अंजनाबाईंना म्हणाला, "आमच्याकडं हे चार म्हैने असंच असतंय. फुकाट. त्यात गुडघाभर चिखल तुडवत आमची पोरं साळंला जात्यात. कुणी फोटो काढाया येत न्हाई."

"तुमच्या डोंगराला काच न्हाई ना बहिरूभाऊ," अंजनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथल्या जुन्या बागेत गेले. तिकीट नाही, झडती नाही. मोठमोठी झाडं, पायवाटा, तळं. सुदर्शनचा व्हिडिओ कॉल आला. "गेट दाखव," तो म्हणाला. अंजनाबाईंनी फोन फिरवून गेट दाखवलं. लोखंडी, काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी.

"एवढंच? आणि नाव कुणाचं हाये?"

"बागेचंच."

"उद्घाटन कुणी केलं, त्याची पाटी असंल बघ."

अंजनाबाईंनी शोधली. एका मोठ्या झाडापुढं पाटी होती खरी, पण तिच्यावर झाडाचं नाव होतं. सुदर्शनला ही गोष्ट पटली नाही. बायकोला पाटी सापडली नसणार, असं तो धरून चालला.

फोन ठेवल्यावर अंजनाबाईंना एक गोष्ट दिसली, ती मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. तळ्याकाठच्या बाकावर त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती. पिशवी नाही, पोर नाही, फोनसुद्धा नाही. नुसती बसली होती. अंजनाबाई मागं वळून वळून बघत राहिल्या. ती कुणाची वाट बघत असेल, असं त्यांना वाटलं. पण अर्ध्या तासानं ते परत त्याच वाटेनं आले तेव्हा ती तशीच होती आणि कुणी आलेलं नव्हतं.

लंडनला थंडी होती. अंजनाबाईंनी साडीवर नवऱ्याचा काळा कोट चढवला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. तिथं त्यांना आरोही भेटली. पुण्याची मुलगी, शिकायला गेलेली. दौऱ्याला दुभाषी म्हणून तिला घेतलं होतं. ती त्यांना 'क्यू' नावाच्या बागेत घेऊन गेली. ही जगातली सगळ्यात नावाजलेली बाग, असं संयोजकांनी बसमध्ये तीन वेळा सांगितलं, त्यामुळं दोघं सरपंच जागे राहिले.

एका काचेच्या घरात पाण्यावर परातीएवढी कमळाची पानं होती. लोक त्यांच्याकडं बघत होते. अंजनाबाईंनी वर बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. छताखालच्या तारांवरून घोसाळी लोंबत होती. चांगली हातभर लांब. खाली इंग्रजीत पाटी.

"काय झालं काकू?" आरोहीनं विचारलं.

"अगं, ह्येच घोसाळं आमी काल-परवापर्यंत गोठ्यावर चढवून दिलं व्हतं. जून झालं की आंघोळीला घासाया घेतो." मग त्या हळूच म्हणाल्या, "हितं हातभर झालंय, तरी कुणी तोडलं कसं न्हाई?"

दुसऱ्या काचघरात आरोहीनं त्यांना एका ताडासारख्या झाडापुढं उभं केलं. "हे झाड सव्वाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका जंगलात सापडलं. एकच सापडलं. नर आहे. याची मादी तेव्हापासून शोधतायत, अजून मिळालेली नाही. जगात कुठंही हे झाड दिसलं तर ते याच्याच फुटव्यातून लावलेलं असतं. म्हणजे सगळे नरच."

पुरुष मंडळींमध्ये हळहळ पसरली. एवढ्या वेळात त्यांनी पहिल्यांदाच एखाद्या झाडाकडं नीट बघितलं. एकजण म्हणाला, "लई वाईट. सव्वाशे वर्सं एकटा!"

झाडाशेजारी दोन माळी वाळकी पानं कापत होते, तिसरा पाणी घालत होता. अंजनाबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "बाई न्हाई म्हणून बगा, ह्याला काचंचं घर बांधून द्यावं लागलं. वर तिघं माणसं ठेवावी लागली."

बहिरू तोंडावर हात धरून हसला. बाकीच्यांनी विषय बदलला.

बाहेर हिरवळीवर जागोजागी लाकडी बाक होते. बऱ्याच बाकांवर पितळी पट्ट्या होत्या. आरोहीनं एक वाचून दाखवली. "ही एका बाईंची आठवण आहे. लिहिलंय, त्यांना ही जागा फार आवडायची. त्या गेल्यावर घरच्यांनी हा बाक बसवला."

"मेल्यावर?" एका सरपंचानं विचारलं. "आमच्यात बाकड्यावर नाव असतंय ते जित्या माणसाचं. सौजन्य अमुक अमुक."

"त्यांना बसायला आवडायचं, येवढ्यासाठी नाव?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हो काकू, एवढ्यासाठीच."

जेवणानंतर मंडळी भेटवस्तूंच्या दुकानात शिरली. अंजनाबाई म्हणाल्या, मी जरा हितंच आहे. आणि त्या एका बाकावर बसल्या.

पहिली पाच मिनिटं त्यांना बसवेना. हातांना काय करावं ते कळेना. कोटावरचे धागे काढून झाले. तिकिटाची घडी घालून झाली, उलगडून पुन्हा घालून झाली. कुणी बघेल आणि म्हणेल, काय गं, काम न्हाई व्हय तुला, असं त्यांना सारखं वाटत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की इथं त्यांना ओळखणारं कुणीच नाही. समोर तळं होतं. बदकं होती. एक म्हातारा साहेब येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, मानेनं नमस्कार केल्यासारखं केलं आणि तोही बदकं बघू लागला.

लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. अंजनाबाईंनी आठवून बघितलं, रिकाम्या हातानं आपण कधी बसलो? सासऱ्यांच्या दहाव्याला. संस्कृतीच्या वेळी दवाखान्यात. एसटीत, पण तिथं मांडीवर पिशवी असायची. कवठमाळला बसायच्या जागा होत्या. मारुतीचा पार होता, चावडीची पायरी होती, सोसायटीपुढचा कट्टा होता, चहाच्या टपरीची बाकडी होती. या सगळ्या जागांवर सकाळपासून पुरुष बसलेले असत आणि त्यांना कुणी विचारत नसे की काम न्हाई व्हय तुला. बाया तिथून पदर सावरून, झपाझप जायच्या. गावात बाई बसलेली दिसली तर लोक विचारत, चक्कर आली का?

त्या बसून राहिल्या. किती वेळ, ते त्यांनाही कळलं नाही. फोनमधली बॅटरी सकाळीच सुदर्शनला गेटं दाखवण्यात संपली होती.

इकडं मंडळी दुकानातून बाहेर आली, दुसऱ्या वाटेनं बसकडं गेली आणि मोजदाद केल्यावर अकराच भरली. संयोजकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाबरून सुदर्शनला फोन लावला.

"हरवली म्हंजे?" सुदर्शन ओरडला. "येवढी मोठी बाई हरवती व्हय? माझा कोट हाये तिच्या अंगावर, काळा, कोटावरनं वळखा!"

पंधरा मिनिटांत बातमी गावभर झाली. वहिनी लंडनात हरवल्या. कुणी म्हणालं पळवून नेलं, कुणी म्हणालं तिकडच्या पोलिसांनी धरलं. देवळापुढं माणसं जमली. संस्कृती रडकुंडीला येऊन आईचा बंद फोन पुन्हा पुन्हा लावत होती. उपसरपंच कुशाबांनी मात्र ग्रामसेवक भाऊसाहेबांना हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, सरपंच परदेशात हरवले तर कायद्यानं चार्ज कुणाकडं येतो?"

दोन तासांनी आरोहीला त्या सापडल्या. ती धापा टाकत आली होती. "काकू! सगळे तुम्हाला शोधतायत!"

"मी कुटं गेलीये?" अंजनाबाई म्हणाल्या. "मी तर हितंच बसलीये."

आरोहीनं त्यांच्याकडं बघितलं आणि तीही क्षणभर शेजारी टेकली. "बरं वाटतंय ना?"

"लई," अंजनाबाई म्हणाल्या. "ह्या बागेत मला काय आवडलं म्हणून विचारलं तर झाडाचं एकबी नाव सांगता यायचं न्हाई बघ. पण हे बाकडं घेऊन जावंसं वाटतंय."

गावी परतल्यावर हलगी वाजली, ओवाळून झालं. आठवड्यानं ग्रामसभा भरली. अभ्यासदौऱ्याचा अहवाल सुदर्शननं वाचला. तो गेला नव्हता, पण फोटो त्यानंच मागवले होते, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं. "सिंगापूरला आमी बघितलं, लंडनला आमी बघितलं," असं म्हणत त्यानं आराखडा मांडला. पंचवीस फूट उंच कमान, तिच्यावर दोन्ही बाजूंना हत्ती. रंगीत कारंजं. सिमेंटचा डायनासोर. 'आय लव्ह कवठमाळ' अशी लाल अक्षरं, फोटो काढायला. आणि उरलेल्या जागेत, निधी उरलाच तर, झाडं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं डायनासोर किती फुटी. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला घेतला.

बायांच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या अंजनाबाई उभ्या राहिल्या. अडीच वर्षांत ग्रामसभेत त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या, म्हणून लोकांना वाटलं त्या चहाचं बघायला उठल्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "ह्या ठरावावर सही कुनाची लागंल?"

ग्रामसेवकांनी आधी सुदर्शनकडं बघितलं, मग कागदाकडं बघितलं, मग छताकडं. "सरपंचांची," ते म्हणाले.

"म्हंजे माझी."

"हो. म्हणजे... हो."

"मग लिवा. कमान न्हाई, कारंजं न्हाई, डायनासोर न्हाई. झाडं आणि वीस बाकडी."

कुशाबा म्हणाले, "वहिनी, बाकडी कशाला? बसायला पार हाये की गावाला."

"पारावर मी बसू का उद्यापास्नं, कुशाबाभाऊ? तुमच्या शेजारी?"

कुशाबांनी विचार केला. पारावर त्यांची जागा वीस वर्षांची होती. "बाकडी घ्या," ते घाईनं म्हणाले. "माझा पाठिंबा हाये."

घरी गेल्यावर सुदर्शन म्हणाला, "चारचौघांत माझी किंमत काय राहिली? कमान नसली तर लोक म्हंतील काय आणलं लंडनवरनं."

"लंडनला कमान नव्हती. तुमी फोनवर बघितलंच की."

"मला वाटलं तू नीट दाखवली न्हाई."

अंजनाबाई बाहेर गेल्या, मोटरसायकलची डिक्की उघडली आणि पान्ह्याखालून शिक्का काढून आणला. तो ऑइलनं माखला होता. त्यांनी रॉकेल लावून तो पुसला, धुतला आणि कपाटात आपल्या साड्यांच्या घडीत ठेवला. सुदर्शन बघत होता. त्याला भांडायचं होतं, पण शिक्का धुण्याबद्दल काय भांडावं हे त्याला सुचेना.

बाक घ्यायला त्या स्वतः नारायणगावला गेल्या. सिमेंटचे बाक करणाऱ्यानं नमुने दाखवले. प्रत्येकाच्या पाठीवर एक चौकट होती.

"हितं काय?"

"नाव. सौजन्य कोण?"

"कुणी न्हाई."

"मग नाव कुणाचं टाकू?"

"टाकूच नका."

त्या माणसानं अंजनाबाईंकडं संशयानं बघितलं. "बाई, बारा वर्सं बाकडी करतोय. नाव न टाकता एकबी केलं न्हाई. साचाच तसा हाये." शेवटी वीस बाक रिकाम्या चौकटी घेऊन गावात आले. लोक महिनाभर येऊन चौकटीत बघायचे आणि विचारायचे, हे कुणी दिलं म्हणायचं?

झाडांचं काम लंकाबाईनं केलं. ती आंबेगावच्या डोंगरातली, कांदे काढणीला दरवर्षी यायची. तिनं करंज, जांभूळ, भोकर, कडुनिंब असं सांगितलं आणि हिरड्याचं रोप पाहिजेच म्हणून हट्ट धरला. अंजनाबाई म्हणाल्या, हिरडा इकडच्या उन्हात जगंल का? लंकाबाई म्हणाली, बघू तर खरं. हिरडा दोन उन्हाळ्यांत वाळला. बाकीची झाडं लागली.

बाग उघडली त्या दिवशी पहिल्यांदा पुरुष आले. पार सोडून ते बाकांवर बसले आणि संध्याकाळपर्यंत पत्ते खेळले. तिसऱ्या दिवशी अंजनाबाई आल्या आणि एका बाकावर एकट्या बसल्या. पत्ते थांबले. कुणीतरी खाकरलं. "वहिनी, काय काम व्हतं का?"

"न्हाई."

"मग?"

"बसलीये."

तासभरात पुरुषांना पार आठवला. तिथं कसं, मोकळं वाटतं, ते म्हणाले आणि निघून गेले. जागा झाली, पण बाया येईनात. लोक काय म्हणतील, म्हणाल्या. मग शेजारची रत्ना एक दिवस मेथीच्या चार जुड्या घेऊन आली. हातात काम असलं की बसायला हरकत नसते. दुसरीनं लसूण आणला. तिसरीनं शेंगा आणल्या. महिन्याभरात दुपारी चारच्या सुमारास वीसही बाकांवर बाया मेथी निवडत बसू लागल्या. काहींची मेथी पंधरा मिनिटांत निवडून व्हायची, तरी त्या दोन तास ती हातात धरून बसायच्या. रत्ना तर एकच जुडी दोन दिवस आणते, असं तिच्या सासूचं म्हणणं होतं.

वर्षानं प्रतिष्ठानाची माणसं उत्तम बागेच्या बक्षिसासाठी तपासणीला आली. हातात फॉर्म होता. बागेतून उत्पन्न काय, असा एक रकाना होता. त्यांनी मेथी बघितली आणि लिहून घेतलं: महिला भाजी-निवड गृहउद्योग. तलावाकडच्या बाकावर अंबाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. साहेब वाकून म्हणाले, "आजी, तुम्ही इथं येऊन काय करता?"

"बसते."

"हो, पण बसून काय करता?"

अंबाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. एवढा शिकलेला माणूस, कोट घातलेला, आणि याला एवढं कळू नये! "बसून काय करायचं असतं बाबा? बसायचंच की."

साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: योग व ध्यानधारणा केंद्र. मग फॉर्म सरपंचांपुढं सहीला ठेवला. अंजनाबाईंनी चष्मा लावला, सगळा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि दोन्ही ओळी खोडल्या. त्यांच्याऐवजी सुंदर अक्षरात लिहिलं: बसायची जागा. खाली सही केली.

कवठमाळला बक्षीस मिळालं नाही. ते शेजारच्या एका गावाला मिळालं. त्यांच्याकडं कारंजं होतं. सुदर्शनला दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी बेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी त्याला विचारलं, बागेसाठी किती झाडं लावली, तर तो म्हणाला, "ते आमच्या सरपंचांना विचारा. त्या चारनंतर बागेत असत्यात. पण बसलेल्या असतील तर जरा थांबा, मधीच बोलू नका."